ऐनाचे शेंडे

कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिन जोडतात, त्यामुळे ती बराच वेळ थांबते. पुण्याचे उतारू तेवढ्यात चहा घेतात आणि समोरच्या डोंगराचे कौतुक करतात. मला पुण्याला जायचे नव्हते. वळकटी उचलून मी खाली उतरले आणि माझी पहिली नजर गेली ती मालधक्क्यावर. तिथे गोण्यांची पुरुषभर उंच भिंत उभी होती. तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. सगळा कोळसा. धक्क्याची जमीन काळी, हमाल काळे, कडेला उभी असलेली गाढवेही काळी. एवढा माल पडलेला असून आम्हाला मुंबईत का मिळत नाही, हा विचार आधी आला. एवढा माल येतो कुठून, हा त्याच्या पाठोपाठ आला आणि पुढचे तीन दिवस त्याने माझी पाठ सोडली नाही.

मी आले होते कोळशासाठीच. गिरगावात मी मुलींचे एक वसतिगृह सांभाळते. लढाई सुरू झाली तेव्हा एका खोलीत चार मुली असत. आता सात आहेत आणि व्हरांड्यातही खाटा आहेत. लढाई संपली म्हणजे गर्दी ओसरेल असे वसतिगृह चालवणाऱ्या आमच्या मंडळींना वाटत होते. उलट रोज नवी माणसे येतात. घासलेट मोजून मिळते, लाकूड दिसत नाही, आणि वखारवाला कोळशाच्या नावाखाली निम्मी माती देतो. संक्रांतीच्या दिवशी चूल पेटेना म्हणून मुलींना गूळपोळीऐवजी गूळ आणि थंड पोळी वाढली. त्या दिवशी ठरवले की जिथे कोळसा होतो तिथेच जाऊन पावसाळाभराची बेगमी करायची.

कर्जतला लागूनच भिसेगावात माझी मावसबहीण अंबू राहते. तिचे यजमान रेल्वेत आहेत. मी पोहोचले तेव्हा ती अंगणात काठी घेऊन उभी होती आणि छपरावर माकडांची टोळी बसली होती.

"ये ताई. आधी डोकं सांभाळ, कौल पडेल," ती म्हणाली.

"ही कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. डोंगरात खायला उरलं नाही, मग करतील काय? काल शेजारच्या काकूंच्या हातातली पोळी नेली. काकू म्हणतात, निदान तूप लावायच्या आधी नेली!"

ती हसली, पण घरात आल्याबरोबर तिने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. भर दुपारी आम्ही दिवा लावावा लागेल अशा अंधारात जेवलो. वालाचे बिरडे होते आणि तांदळाची भाकरी. संध्याकाळी पोपटी (वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरतात, मडके उपडे ठेवून त्यावर जाळ करतात) करायचा अंबूचा बेत होता. शेंगा आल्या, पाला आला, मडके आले. जाळायला काटक्या मिळेनात. अंबूने शेवटी एक मोडका पाट फोडला. पोपटी अर्धी कच्ची राहिली. आम्ही ती तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दामूशेठच्या वखारीत गेले. दामूशेठ हा कर्जतचा कोळशाचा व्यापारी. मला वाटले होते एखादा गुर्मीचा माणूस असेल. निघाला तो मऊ बोलणारा, डोळ्यांना चष्मा, हातात तपकिरीची डबी. त्याने एका गोणीतून लांबट तुकडा काढून दुसऱ्यावर आपटला. काशाच्या भांड्यासारखा आवाज आला.

"हा ऐनाचा, बाई. धूर नाही, ठिणगी नाही. तुमच्याकडे येतो तो मिसळ. आंबा, करंज, चिंच, जे तुटेल ते."

"मला हाच हवा. पावसाळाभर पुरेल इतका."

"निव्वळ ऐन आता एकाच ठिकाणी उभा आहे. खालापूरच्या अंगाला राघो म्हणून एक शेतकरी आहे, त्याच्या वरकशीत." वरकस म्हणजे डोंगरउताराची जमीन, जिच्यात भात होत नाही. "बोलणं झालंय. पण ऐनाचं गिऱ्हाईक वेगळं असतं, म्हणून मी हात लावला नव्हता. तुम्ही सगळा माल घेणार असाल तर परवा कुऱ्हाड लावतो."

"आणि तो संपल्यावर?"

त्याने चिमूट ओढली. "मुंबईत एक बिऱ्हाड वाढलं की इथं एक झाड पडतं. त्याचं पाप जाळणाऱ्याच्या माथी की तोडणाऱ्याच्या, ते वर गेल्यावर चित्रगुप्त सांगेल. मी तरी काय करू? मी नाही तोडलं तर दुसरा तोडतो."

मी हो म्हटले. पण न बघता घ्यायची मला सवय नाही, म्हणून झाडे बघून येते असेही सांगितले. दामूशेठ दुसऱ्या दिवशी खोपोलीच्या बाजारात असणार होता. तिथे भेटायचे ठरले.

कर्जतहून खोपोलीला एक छोटी गाडी जाते, ती मी त्याच सकाळी धरली. ती इतकी सावकाश जाते की एक गृहस्थ उतरून, धोतर सारखे करून पुन्हा चढले. एका बाजूला घाटाचा कडा, दुसऱ्या बाजूला माथेरानच्या रांगेची पाठ. लहानपणी मी याच वाटेने एका लग्नाला आले होते. तेव्हा डोंगर हिरवेकाळे होते, नजर आत शिरत नसे. आता ते न्हाव्याने घाईत हजामत केल्यासारखे दिसत होते: मध्येच एखादा पुंजका, बाकी खुंट आणि उघडी लाल माती. रुळाखालून दोन ओढे गेले. दोन्ही कोरडे. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला विचारले, हे होळीपर्यंत वाहत ना? तो म्हणाला, "वाहत व्हते. आता पाऊस पडला की पानी डोंगरावर थांबतच नाय. दोन दिसांत सगलं खाली, आनि संगं माती. माजं शेत गाळानं भरलं. गेल्या साली भाताऐवजी दगड उपटले."

मधल्या एका स्टेशनावर मी उतरले. गावाचे नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांकडे नको ते पाहुणे आधीच पुरेसे येतात. स्टेशनापासून पाऊलवाट होती. अर्ध्या वाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. दोरीने बांधून चालू लागले तोच जळक्या मातीचा वास आला. ओढ्याच्या काठी कोळशाची भट्टी धुमसत होती. मातीने लिंपलेला ढीग, एखाद्या मोठ्या थडग्याएवढा. एक कातकरी बाई आणि तिचा नवरा भेगांवर ओली माती थापत होते. प्यायला पाणी आहे का विचारले. बाईने भोपळ्याचे भांडे पुढे केले.

"मुंबईची ना तुमी?" तिने माझ्या चपलेकडे बघून विचारले.

"हो."

"मुंबईत येवडी मानसं दिसभर काय शिजवतात गं? आमी जालतोय जालतोय, तरी पुरं पडत नाय."

तिचा नवरा हसला. मीही हसले. मग मी विचारले, इथले संपले की कुठे जाणार? नवरा म्हणाला, "शेठ नेल तिकडं. औंदा हा ओढा, पुढल्या साली घाटावर म्हंतो. आमच्या वाडीची रानभाजी, कंद, सगलं या रानातलं. रानच जाळलं, आता मजुरी सोडून काय हाय?" हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. भेग धरू नये म्हणून तो पुन्हा माती थापायला वळला.

गावात शिरल्यावर राघोचे घर शोधावे लागले नाही. ओसरीवर एक उंच, हाडापेराची बाई गोवऱ्या रचत होती. मी राघोला भेटायला आले, दामूशेठ परवा कुऱ्हाड लावणार आहे, त्याआधी ऐनाची झाडे बघायची आहेत, एवढे म्हणताच तिने हातातली गोवरी खाली टाकली.

"म्हंजी तू ती होय! कोळसा खानारी."

ही भागूबाई. राघोच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षे झाली. जमीन राघोच्या नावावर, पण तिच्यात राबते भागूबाई.

"मी वसतिगृहासाठी आलेय. मुलींना जेवायला घालायचं आहे," मी म्हटले.

"आनि माज्या शेताला कोन जेवायला घालनार? चल. बघ तरी काय तोडायला आलीस ते."

तिने मला जवळजवळ दंडाला धरून घरामागच्या उतारावर नेले. तिथे ऐनाची झाडे उभी होती. मी आजवर ऐन पाहिला होता तो रुंद फांद्यांचा. ही झाडे वेगळीच. खोड सरळ, अंगावर जुन्या तोडीच्या गाठी, गाठींतून फुटलेला पाला, आणि प्रत्येकाच्या टोकाला एक भरगच्च तुरा. लांबून उंच दांड्याच्या केरसुण्या उभ्या केल्यासारखी दिसत. काही झाडांचा पाला नुकताच उतरवला होता, पण तुरा कुणाचाही तोडलेला नव्हता.

भागूबाईने सांगितले ते असे. इकडे भाताचे रोप ज्या तुकड्यात करतात त्याला राब म्हणतात. थंडीत झाडांचा टहाळ (पाल्यासकट डहाळ्या) तोडून वाळवायचा. उन्हाळ्यात त्या तुकड्यावर आधी शेण, वर टहाळ, वर गवत आणि माती पसरून सगळे भाजायचे. पाऊस पडला की त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरायचे. राब भाजला नाही तर रोप पिवळे पडते, तण माजते, लावणीला काही हाती लागत नाही. आणि टहाळ तोडताना एक नेम सगळा गाव पाळतो. कितीही अडचण असो, शेंडा राखायचा.

"झाडाचं डोकं हाय ते," ती म्हणाली. "हात तोडले तर पुन्यांदा येतात. डोकं येत नाय."

बाकीच्यांचे ऐन लढाईच्या काळात गेले होते. गावात उभा असा हा एकच उतार उरला होता. म्हणून सगळा गाव इथला टहाळ नेई आणि बदल्यात भागूबाईच्या लावणीला माणसे येत. लाकूड मिळेना तसे शेणही चुलीत जाऊ लागले. ओसरीवरच्या त्या गोवऱ्या म्हणजे राबाचे शेण होते.

"भात सरकारी लेवीला न्यायचा तुमीच," भागूबाई म्हणाली. "तो शिजवायला कोळसा न्यायचा तुमीच. मधल्या मदी आमी काय दगड चावायचे?"



परत आलो तेव्हा राघो आला होता. तिशीचा, चपळ, कपडे धुतलेले. त्याने मला पाट मांडला, भागूबाईने रागाने का होईना भाकरी आणि बोंबलाची चटणी वाढली. बोंबील मी खात नाही. मी नुसती भाकरी कांद्याबरोबर खाल्ली. ते पाहून ती म्हणाली, "घ्या. आमचं जेवन बी नको, झाडं तेवडी पायजेत."

"वयनी, गप बसा ना," राघो म्हणाला. मग माझ्याकडे वळून: "बाई, मी गिरनीत लागनार हाय. मामा हाय तिथं. खोली घ्यायला काय तरी हातात पायजे का नको? या शेतात दोघं राबतो नि सहा म्हयने पुरत नाय. समोर बघा." त्याने घाटाकडे हात केला. कड्यावरून मोठे नळ उतरत होते, खाली वीजघर. "आमच्या डोंगराचं पानी, त्याची बत्ती मुंबईत. आमाला घरात चिमनी. सगलं तिकडं चाल्लंय, मग मीच का हितं बसू?"

"जा की!" भागूबाई म्हणाली. "तू जा. झाडं कशाला नेतोस संगं?"

दोघांचेही खरे होते, आणि ते मला फार अस्वस्थ करणारे वाटले. एकजण चूक असता तर निर्णय सोपा होता.

उन्हे कलल्यावर मी खालापूरला निघाले. निघताना भागूबाई दारात उभी होती. तिने विचारले, "मंग? काय ठरवलंस?"

माझ्या मनात ठरले होते. दामूशेठला नको म्हणून सांगायचे. पण काम झाल्याशिवाय तोंड उघडायचे नाही हा माझा शिरस्ता आहे. वसतिगृहात त्यामुळेच माझे शब्द पाळले जातात. मी म्हटले, "उद्या दुपारी येते. मग सांगते."

तिने मान हलवली आणि आत गेली.

खालापूरला आमची एक जुनी विद्यार्थिनी शाळेत शिकवते. रात्र तिच्याकडे काढली. सकाळी खोपोलीची मोटार धरली. ही मोटार पेट्रोलवर नाही, कोळशावर चालते. मागे टाकीसारखी भट्टी, क्लीनर तिच्यात लोखंडी सळई ढोसतो, आणि सगळ्या उतारूंच्या नाकात धूर. चढावर ती थांबली. सगळे उतरलो आणि ढकलू लागलो. माझ्या शेजारी खांदा लावणारा मारवाडी म्हणाला, "बाई, तिकीट पण आपणच काढायचं आणि गाडी पण आपणच ओढायची." क्लीनरने आणखी एक टोपली कोळसा ओतला. मी बघत राहिले. बघायचे नाही म्हटले तरी आता सगळीकडे तेच दिसत होते.

बाजारात दामूशेठ एका भुसाराच्या दुकानात बसला होता. मी त्याला म्हटले, राघोचे ऐन मला नको. दोन वेळा समजावून सांगावे लागेल अशी माझी तयारी होती. त्याने तपकीर ओढली.

"ठीक. नको तर नको. तोंडी बोलणं होतं, मोडलं. भागूबाईनं गाठलं वाटतं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तिनं मला दगड मारलाय, बाई. नेम चांगला आहे तिचा." तो हसला. "पण तुम्हाला कोळसा तर हवा?"

"हवा."

"मग दुसरा उतार बघतो. ऐन नसेल, धावडा असेल. तोही चांगला. डोंगर काय एकच आहे का?"

मी मान डोलावली. त्या वेळी मला काम उत्तम झाल्यासारखे वाटले. मुलींचा कोळसा सुटला, भागूबाईची झाडे सुटली. एका सकाळीत दोन्ही. बाजारातून मी चपलेला नवा अंगठा लावून घेतला, अर्धा शेर खजूर घेतला, आणि परतीची मोटार न थांबता, न ढकलता वेळेवर पोहोचली.

गावाच्या वाटेला लागले तेव्हा दुपार होती. लांबूनच कोयत्यांचे आवाज ऐकू आले. कुऱ्हाडीचा आवाज जड असतो; हा हलका, भराभर येणारा होता. पावले आपोआप वाढली.

उतार माझ्या समोर आला आणि मला क्षणभर वाट चुकल्यासारखे वाटले. काल पाहिलेल्या केरसुण्या नव्हत्या. नुसते दांडे उभे होते. सगळा गाव तिथे लोटला होता. माणसे झाडांवर, बाया खाली टहाळ गोळा करून भारे बांधताहेत, पोरे भारे ओढताहेत. झाडांच्या टोकांना पांढरे, ओले कापे दिसत होते. शेंडे खाली पडले होते, इतर पाल्यात मिसळून.

भागूबाई स्वतः एका झाडावर होती. साडीचा काचा मारलेला, कमरेला आकडी, आकडीत कोयता. या भागात बाया झाडावर चढत नाहीत.

"भागूबाई! थांबा! सगळे थांबा!" मी ओरडले.

"थांबू कशाला?" ती वरून म्हणाली. "उद्या तुजी कुऱ्हाड येनार. खोड तू ने. पाला आमचा हाय. येवड्या वर्षांचा शेवटचा राब तरी नीट भाजू दे."

"कुऱ्हाड येणार नाही. मी मोडून आले सौदा. झाडं राहणार आहेत."

कोयते एकेक करून थांबले. शेवटचा कोयता उताराच्या पार टोकाला होता. त्याला ऐकू गेले नसावे. तो आणखी दोन घाव वाजला आणि मग तोही थांबला.

भागूबाई खाली उतरली. माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटले मारते आता. ती फक्त म्हणाली, "काल का नाय बोललीस?"

"काम झाल्यावर सांगणार होते."

"उद्या सांगते म्हनली. उद्या सांगते असं सावकार म्हंतो, तलाटी म्हंतो. त्याचा अर्थ आमाला ठावा हाय."

ती वळून झाडांकडे बघू लागली. हळूहळू सगळेच वर बघू लागले. कुणीतरी हातातला शेंडा हळूच खाली ठेवला, जणू आवाज होऊ नये. वीस-बावीस झाडे खालच्या अंगाला शिल्लक होती. बाकी साऱ्या उतारावर डोके नव्हते.

राघो एका खडकावर विडी ओढत बसला होता. "माजा सौदा मोडलात?" त्याने मला विचारले.

"मोडला."

त्याने विडी खडकावर चुरगळली. तो उठला आणि भागूबाईला म्हणाला, "वयनी, शेन कुठं हाय? ताजं. आंब्याचा खांदा मोडला की आमचे वडील आप्पा लावायचे तसं लावू. कापा सुकायच्या आत."

"शेन?" भागूबाई म्हणाली. "राबाचं शेन झाडाला?"

"झाडच नसंल तर राब कशाचा?"

मग जे झाले ते मी कधी पाहिले नव्हते आणि कुणी सांगितले असते तर विश्वास ठेवला नसता. बाया गोठ्यांकडे धावल्या. प्रत्येक घरातून शेण आले, टोपलीत, सुपात, साडीच्या ओच्यातसुद्धा. ओढा कोरडा होता, म्हणून पिण्याच्या हंड्यातले पाणी माती कालवायला घेतले. मी पदर खोचला आणि इतर बायांबरोबर शेणमाती तुडवायला लागले. माझ्या शेजारची तरुण बाई म्हणाली, "मुंबईत असं नाय ना करीत?" मी म्हटले, "मुंबईत झाडच नाही." ती हसली आणि पुन्हा माती तुडवू लागली.

चढायला राघोइतका तरबेज कुणी नव्हता. पळसाच्या पानांच्या द्रोणात शेणमातीचे गोळे घेऊन तो वर जाई, टोकाशी पाय अडकवून, काप्यावर गोळा बसवून, लहान मुलाला टोपडे घालावे तसा दोन्ही हातांनी दाबी. भागूबाई खालून ओरडे, "नीट बसव रं! कडा उगडी ऱ्हायली!" आणि तो वरून म्हणे, "वयनी, तुमी या वर!" ज्या झाडांना विकून तो मुंबईला जाणार होता, त्यांना तो संध्याकाळपर्यंत टोपडी घालत होता.

"याने जगतील?" मी भागूबाईला विचारले.

"आंबा जगतो. ऐनाचं कुनी केलंच नाय कवा. शेंडा कुनी तोडलाच नाय, तर कलनार कसं?"

अंधार पडायच्या आत मी शेवटच्या गाडीला निघाले. हाताचा वास जाईना. भागूबाई स्टेशनाच्या वाटेपर्यंत आली. ती माझ्यावर रागावलेली होती, आणि ते तिने लपवले नाही. पण जाताना माझ्या पिशवीत वालाच्या शेंगा कोंबल्या. "पोरींना घाल," म्हणाली. मी खजूर तिच्या हातात ठेवला. तिने तो बघितला नाही, नुसता ओच्यात टाकला.

मुंबईत आल्यावर पंधरवड्याने कोळसा आला. दामूशेठने शब्द पाळला होता. धावड्याचा चांगला कोळसा, माती नाही, दगड नाही. चूल एका काडीत धरते. मुलींना दोन्ही वेळा ऊन भात मिळतो आहे. आमच्या मंडळींनी माझे आभार मानले आणि जूनपासून गच्चीवर शेड घालून आणखी मुली घ्यायचा ठराव केला. ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला. गावाकडून आलेल्या मुलीला नाही म्हणायचे तरी कोणत्या तोंडाने?

ज्येष्ठात राघो वसतिगृहाच्या दारात येऊन उभा राहिला. मामाने त्याला गिरणीत लावले होते. झाडे न विकताही तो आलाच. मी त्याला बसवले, चहा दिला आणि आधी झाडांचे विचारले.

"खालची धड हायत. वरची थोडी फुटली, बुंध्यापाशी. टोकाला नाय. बाकीची सुकली. पन बाई, औंदाचा राब असा भाजला!" त्याचा चेहरा उजळला. "येवडा टहाळ गावानं कवा बघितला नव्हता. वयनी म्हनली, असा काळा, मऊ राब तिच्या सासऱ्याच्या वेळेस सुदा नव्हता. पाऊस पडू द्या, रोप बघायला लोक येतील."

"आणि पुढच्या साली?"

तो चहाची बशी फुंकत राहिला.

मग म्हणाला, "तुमचा कोळसा कुठनं आला, ठावं हाय का? आमच्या पल्याडच्या डोंगरातनं. तिथं माजी थोरली भैन दिलीय."

त्या गावाचे नाव त्याने सांगितले. मी ते ऐकले. आत स्वयंपाकघरात दुपारच्या भाताचे पाणी उकळत होते, आणि मी उठून तांदूळ वैरायला गेले.